ग्वानाह्वातोसाठी भाड्याची गाडी: किल्ली देणाऱ्यांनीच सांगितलं, गावात गाडी घालू नका

मेक्सिकोत स्वतः गाडी चालवावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे. फक्त गाडी कुठली यापेक्षा ती कुणाकडून घेताय हे नीट बघा. ग्वानाह्वातो, दोलोरेस इदाल्गो आणि सान मिगेल दे आयेंदे या तीन गावांसाठी आम्ही सिलाओच्या विमानतळाजवळच्या एका लहान स्थानिक एजन्सीकडून गाडी घेतली. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे बस बदलत, बॅगा उचलत फिरणं शक्य नव्हतं. गाडी मी चालवणार आणि पाट्या वाचायचं काम नवऱ्याचं, हे निघण्याआधीच ठरलं होतं. एजन्सीचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या माणसांची परवानगी घेतलेली नाही. पण अशी एजन्सी ओळखायची कशी, ते या लिखाणातून नक्की कळेल. सेवेला माझे पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला तेही सांगते.

आधी भाड्याचं. इंटरनेटवर मोठ्या साखळ्यांचे दर बघितलेत तर विश्वास बसणार नाही इतके कमी दिसतात. त्यात बहुतेक वेळा समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे तिसऱ्या पक्षाचा, विमा धरलेला नसतो, आणि मेक्सिकोत तो सक्तीचा आहे. काउंटरवर गेलं की तो जोडला जातो आणि आकडा दुप्पट-तिप्पट होतो. तोवर प्रवासाने दमलेला माणूस दिसेल तिथे सही करून मोकळा होतो. आमच्या एजन्सीने ईमेलमध्येच सगळं फोडून लिहिलं होतं: गाडीचं भाडं इतकं, तिसऱ्या पक्षाचा विमा इतका, आपल्याच गाडीला काही झालं तर दहा टक्के आपल्या खिशातून, आणि कार्डावर अनामत इतकी अडकणार. सगळं धरून दिवसाला हजार पेसोंच्या आत पडलं. तिथे पोचल्यावर त्यात एक पेसोही वाढला नाही.

काउंटरवर साधारण चाळिशीची एक बाई होत्या. त्यांनी विम्याचा कागद नुसता पुढे सरकवला नाही, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून समजावलं. मेक्सिकोत अपघातात कुणाला इजा झाली तर दोष कुणाचा हे ठरेपर्यंत पोलीस चालकाला अडकवून ठेवू शकतात. म्हणून विम्यात कायदेशीर मदत आहे की नाही हे बघणं फार महत्त्वाचं. अपघात झाला की आधी विमा कंपनीला फोन करायचा. त्यांचा माणूस, ज्याला तिथे आहुस्तादोर म्हणतात, जागेवर येतो आणि तोच सगळं लिहून घेतो. तो येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची नाही, कुणाशी पैशांची तडजोड करायची नाही. पॉलिसीचा क्रमांक आणि फोन नंबर त्यांनी जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि चालकाच्या डोक्यावरच्या सनव्हायझरला रबराने अडकवला. गरज पडली की माणूस मोबाइलमधलं ईमेल शोधत बसत नाही, समोर दिसेल ते वाचतो. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी होती निसान व्हर्सा, ऑटोमॅटिक. स्वस्तात हवी असेल तर हाताच्या गिअरची मिळते, पण डोंगरातल्या चढ-उतारांच्या गावात उलट्या बाजूचं स्टिअरिंग आणि उजव्या हाताचा गिअर हे दोन्ही एकदम नको. शंभर-दोनशे पेसो जास्त गेले तरी ऑटोमॅटिकच घ्या. बाईंनी मला आवारातच चार फेऱ्या मारायला लावल्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नसेल तर त्यांचा एकच नियम: चालक नेहमी रस्त्याच्या मध्याच्या बाजूला असतो. वळल्यावर आपल्या खांद्याशेजारी मधली रेघ असेल तर तुम्ही बरोबर आहात, खांद्याशेजारी फूटपाथ असेल तर चुकीच्या बाजूला आहात. डावीकडे वळताना हे मनात म्हणायचं, कारण घोटाळा होतो तो तिथेच. इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला असते हेही त्यांनी आपणहून दाखवलं. सवयीने उजवा हात हलला की वायपर सुरू होतात आणि मागच्याला आपण वळतोय हे कळतच नाही.

मग त्यांनी विचारलं, हॉटेल कुठे आहे? नवऱ्याने पत्ता दाखवला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, तिथे गाडी जात नाही, आणि जाते असं फोन सांगत असेल तर ऐकू नका. ग्वानाह्वातोच्या मध्यभागी गाडी घालूच नका. गावाच्या कडेला राखण असलेलं पार्किंग आहे, तिथे लावा, आईला टॅक्सीने हॉटेलच्या जवळात जवळ न्या, आणि गाव बघायचं ते पायी. ज्यांचा धंदा गाडी देण्याचा, त्यांनी गाडी उभी ठेवा म्हणून सांगावं, यानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींचं गाव. साधारण 2000 मीटर उंचीवर, डोंगराच्या घळीत वसलं आणि घळीतच वाढलं, म्हणून सपाट जागा जवळजवळ नाहीच. गल्ल्या अरुंद, कित्येक नुसत्या पायऱ्यांच्या. 1988 पासून हे जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे रस्ते रुंद करायला कुणी भिंती पाडणार नाही, आणि पाडूही नयेत. पूर्वी नदी गावातून वाहायची आणि पुरात गाव बुडवायची. 1905 चा पूर फार मोठा होता. नदीचं पाणी बोगद्यांतून वळवलं गेलं, आणि 1960 च्या दशकात रिकाम्या पात्राचा रस्ता झाला. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता मिगेल इदाल्गो याच्या नावाच्या त्या भुयारी रस्त्यावरून आज गाड्या धावतात. डोक्यावर दगडी कमानी, कमानींवर घरं. डोंगर फोडून काढलेले आणखी बोगदे आहेतच. बहुतेक बोगदे एकमार्गी आहेत. आत चौक आहेत, बसथांबे आहेत, वर गावात निघणारे जिने आहेत, आणि कडेच्या अरुंद पट्टीवरून शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई चालत असतात.

इथे फोनवरचा नकाशा हात टेकतो. बोगद्यात शिरलं की निळा ठिपका जागच्या जागी थांबतो, आणि बाहेर पडेपर्यंत दोन फाटे मागे गेलेले असतात. शिवाय नकाशाला खालचा रस्ता आणि त्याच्याच वर असलेला रस्ता यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून बाईंनी करारपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने आकृती काढून दिली. रस्ते म्हणून नाही, तर पाट्यांवर कुठली नावं दिसतील आणि त्यातलं कुठलं धरायचं ते: सेंत्रो, म्हणजे मध्यवस्ती, दिसलं तर सोडा, पानोरामिका दिसलं तर घ्या. पानोरामिका म्हणजे गावाला वरून वळसा घालणारा डोंगरकडेचा रस्ता. त्यावर पोचलं की स्वातंत्र्यलढ्यातला वीर पिपिला याचा मोठा पुतळा दिसतो आणि गावाची दिशा पुन्हा कळते. त्यांचं सगळ्यात मोलाचं वाक्य असं होतं: बोगद्यात फाटा चुकला तर चुकलेल्याच वाटेने शेवटपर्यंत जा, मध्ये थांबू नका, मागे येऊ नका, बाहेर पडल्यावर बघा. अंधारात अचानक उभ्या राहिलेल्या गाडीइतकं धोक्याचं तिथे दुसरं काही नाही, कारण मागून येणारी बस उन्हातून आत शिरत असते आणि तिच्या चालकाचे डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात.

तेच आपल्यालाही लागू. तोंडाशी पोचायच्या आधीच गॉगल काढायचा, हेडलाइट लावायचे, वेग उतरवायचा. आम्ही शिरलो तेव्हा दुपारचं कडक ऊन होतं, आणि आत पहिले काही क्षण मला फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसत होते. मग हळूहळू दगडी भिंत दिसायला लागली, भिंतीवर ओल, वरच्या एका झरोक्यातून पडलेला उन्हाचा चौकोन, आणि त्या चौकोनात फूटपाथवर उभा असलेला एक मुलगा, हातात भाकरीसारखी कसलीतरी गुंडाळी. एक पाय त्याने रस्त्यावर ठेवलेलाच होता. मी वीसच्या वेगात होते म्हणून सहज थांबता आलं. त्याने हात वर करून आभार मानले, ओलांडला, आणि जिन्याने वर निघून गेला. त्या गावात गाडी वीसच्या वर का न्यायची नाही याचं उत्तर मला तिथेच मिळालं. कायदाही जवळपास तेच सांगतो: 2022 च्या राष्ट्रीय रस्तासुरक्षा कायद्यात शाळा आणि रुग्णालयांच्या परिसरात ताशी 20, गल्लीबोळात 30 आणि मोठ्या शहरी रस्त्यांवर 50 किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली आहे.

पार्किंगबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. तिथे पार्किंगच्या पाटीवर पी नसतो, ई असतो. ई वर तिरकी लाल रेघ असेल तर लावायची नाही. आणि फूटपाथची कड पिवळी रंगवलेली असेल तर पाटी नसली तरी लावायची नाही. काही गावांत चुकीच्या जागी लावलेल्या गाडीची नंबरप्लेटच वाहतूक पोलीस काढून नेतात, आणि ती सोडवायला दंड भरून कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत हा ताप दुप्पट. राखण असलेल्या पार्किंगचे पैसे देताना हात आखडू नका. रात्रभर ठेवायची असेल तर पेन्सिओन असं विचारायचं. आम्ही लावलं तिथला म्हातारा राखणदार गाडी उलटी घेताना हाताने छान इशारे करायचा, आणि सकाळी काच पुसून ठेवायचा. त्याला वर दहा-वीस पेसो दिले की तोही खूश, आपणही निश्चिंत.

संध्याकाळनंतर तर गाडी काढूच नका. मध्यवस्तीत एस्तुदियान्तिना म्हणून गाणाऱ्या मंडळींचे ताफे काळ्या पोशाखांत गिटारी घेऊन निघतात आणि त्यांच्या मागे गर्दी गल्ल्यांतून फिरते. ऑक्टोबरात सेर्वांतिनो हा मोठा कला महोत्सव असतो तेव्हा तर विचारूच नका. अशा वेळी रस्ता माणसांचा असतो, आणि तो तसाच राहावा.

आता तोपे. मेक्सिकोच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त लक्ष मागणारी गोष्ट कुठली, तर ही. तोपे म्हणजे गतिरोधक, पण नुसता गतिरोधक म्हणून सोडून देऊ नका. गावाची हद्द सुरू झाली की तोपे, शाळा आली की तोपे, चर्च आलं की तोपे, आणि कित्येकदा कुणाच्या तरी दुकानासमोर तोपे. काहींच्या आधी दोन उंचवट्यांचं चित्र असलेली पिवळी पाटी असते, काही पिवळ्या रंगाने रंगवलेले असतात, आणि काहींवर ना रंग ना पाटी. रंग उडालेला तोपे डांबराच्याच रंगाचा. दुपारी झाडाची सावली त्यावर पडली की तो दिसतच नाही. दुसरा प्रकार लोखंडी घुमटांचा: ताटलीएवढे गोल घुमट रस्त्यावर ओळीने ठोकलेले. त्यांच्यावरून चाळीसने गेलात तर चाकाची रिमच वाकेल. तिसरा प्रकार बारीक पट्ट्यांचा, जो नुसता थरथराट करून पुढे काहीतरी येतंय असं बजावतो.

ते ओळखायचे कसे, हे एजन्सीच्या बाईंनी सांगितलं आणि प्रत्येक वेळी खरं ठरलं. रस्ता बघू नका, पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट बघा. पुढे गाडी नसेल तर रस्त्याकडेची माणसं बघा: केळ्यांचे वेफर, पाण्याच्या बाटल्या, संत्री विकणारी मुलं मोकळ्या रस्त्यावर उगाच उभी राहत नाहीत, जिथे गाड्या हळू होतात तिथेच उभी राहतात. आणि रस्त्यावर आडवे काळे ओरखडे दिसले, म्हणजे गाड्यांचं पोट घासल्याच्या खुणा, तर तिथे तोपे आहेच. ओलांडताना ब्रेक दाबून धरायचा नाही. आधीच वेग उतरवायचा, चढताना ब्रेक सोडायचा, सरळ जायचं, तिरकं नाही. मागे आई बसलेली असल्यामुळे मला हे लवकर जमवावंच लागलं. तिच्या कमरेला एकही धक्का बसता कामा नये, हे माझं त्या प्रवासातलं मोजमाप होतं. नंतर नंतर आईच मागून सांगायला लागली, "पुढे पोरं उभी आहेत बघ, हळू घे."

गावांतल्या चौकांचं वेगळं शिकावं लागतं. दिशा दाखवणारी पाटी खांबावर नसून कोपऱ्यातल्या घराच्या भिंतीवर असते, छोटासा बाण. एका टोकाचा बाण म्हणजे एकमार्गी, दोन्ही टोकांना टोक म्हणजे दुहेरी. चौकात शिरण्याआधी भिंतीवर नजर टाकायची सवय लावून घ्या. बाण दिसलाच नाही तर उभ्या केलेल्या गाड्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बघा. लाल अष्टकोनी पाटीवर आल्तो, म्हणजे थांबा, लिहिलेलं असेल तर चाकं पूर्ण थांबवायची. स्थानिक लोक थांबत नाहीत असं दिसेल, तरी तुम्ही थांबा, फक्त आरशात मागे बघून, म्हणजे मागचा येऊन आदळणार नाही.

सान मिगेल दे आयेंदेत हे सगळं फार सुंदर चालतं. जुन्या गावात सिग्नलचे दिवेच नाहीत. दगडी फरसबंदीचे रस्ते, आणि चौकात एक गाडी या बाजूची, मग एक त्या बाजूची. उनो इ उनो म्हणतात, एकास एक. कुणी हॉर्न वाजवत नाही. समोरचा हाताने खूण करतो, या, तुम्ही जा. आपण मान हलवून जायचं, आणि पुढच्या चौकात दुसऱ्याला तीच खूण करायची. पादचारी दिसला की गाड्या थांबतात. मला तिथे गाडी चालवताना खरोखर आनंद झाला, आणि दिवे, पोलीस, कॅमेरे नसतानाही माणसं इतकी शिस्तीने वागू शकतात याचा आदर वाटला. तिथेही गाडी गावाबाहेरच्या बाजूला लावून पायीच फिरलो हे वेगळं.

ग्वानाह्वातोहून सान मिगेलला जायला आम्ही डोंगरातला रस्ता घेतला: व्हालेन्सियाना खाणीच्या चर्चवरून, सांता रोसाच्या घाटातून, दोलोरेस इदाल्गोमार्गे. ओकची झाडं, थंड हवा, वळणावर वळणं. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, गिअरची दांडी खालच्या गिअरवर आणा आणि इंजिनालाच वेग रोखू द्या. पुढे मालट्रक असेल आणि त्याने डावा इंडिकेटर दिला, तर त्याचे दोन अर्थ होतात: एक, तो डावीकडे वळतोय, दोन, पुढचा रस्ता मोकळा आहे, तुम्ही ओव्हरटेक करा असं सांगतोय. अंदाजाने निघणं जिवावर बेतू शकतं. आपल्याला स्वतःला पुढचं दिसत नाही तोवर मागेच राहायचं. पुढच्या गाडीने दोन्ही इंडिकेटर एकदम लावले तर पुढे वाहतूक अचानक थांबलीय असं समजा, आणि आपणही लगेच लावा, म्हणजे मागच्याला कळेल. हा चांगला रिवाज आहे, तिथे जवळजवळ सगळे पाळतात.

याच रस्त्यावर, दोलोरेसच्या अलीकडे, उजवं मागचं चाक बसलं. दिवसाउजेडी आणि रुंद जागेवर झालं हे बरं. इशाऱ्याचा त्रिकोण मागे नेऊन ठेवला, आईला गाडीतून उतरवून झाडाखाली बसवलं, नवऱ्याने डिकीतून स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच कमी. अंगठ्याने दाबली तर आत जात होती. सनव्हायझरवरच्या त्याच कागदाच्या खाली 078 असा आकडा लिहिलेला होता. हा आंखेलेस व्हेर्देस, म्हणजे हिरवे देवदूत, यांचा नंबर. मेक्सिकोच्या पर्यटन खात्याची ही रस्त्यावरची मदतसेवा 1960 पासून चालू आहे. हिरव्या गाड्या दिवसा महामार्गांवर फिरत असतात, मजुरी घेत नाहीत, फक्त सुटे भाग किंवा इंधन लागलं तर त्याचे पैसे द्यायचे. तिथे फोन लावून नवऱ्याच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये किलोमीटरचा दगड सांगितला. म्हणून सांगते, गाडी चालवताना शेजारच्याने हे दगड वाचत राहावेत, पत्ता म्हणून तेच उपयोगी पडतात.

हिरवी गाडी आली, त्यातून गणवेशातला एक मेकॅनिक उतरला. त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आपली गाडी आमच्या गाडीच्या मागे तिरकी उभी केली, दिवे चालू ठेवले आणि शंकू मांडले. म्हणजे काम करताना कुणी येऊन धडकायला नको. मग स्टेपनीत हवा भरली, चाक बदललं, नट आधी तिरक्या जोड्यांनी आणि मग पुन्हा गोल फिरून आवळले, बाकीच्या तिन्ही चाकांची हवाही तपासली. दोलोरेसमध्ये पंक्चरचं दुकान कुठे आहे तेही सांगितलं. तिथे अशा दुकानाबाहेर व्हुल्कानिसादोरा लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा एखादा जुना टायर टांगलेला असतो. पैसे घ्यायला तयार नव्हता. आईने पुढे होऊन त्याच्या हातात आमच्या डब्यातल्या वड्या ठेवल्या, त्या मात्र घेतल्या. या सेवेला माझे पाचपैकी पाच, आणि मेक्सिकोत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने 078 आणि आणीबाणीचा 911 हे दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेवावेत. घाटात फोनला रेंज नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून शेवटची रेंज कुठे होती तेही लक्षात ठेवा.

रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी नको, हे सगळेच सांगतात. चोराचिलटांची भीती मनात असतेच, पण मला पटलेली कारणं साधी आहेत: रस्त्यावर बसलेली गुरं, मागचा दिवा नसलेले ट्रक, न रंगवलेले तोपे, खड्डे, आणि कडेला उतरायला जागा नाही. दुपारी चारलाच पुढच्या मुक्कामाचा विचार करायचा. वेळ झालाच तर टोलच्या रस्त्याने, ज्याला कुओता म्हणतात, जायचं. फुकटचा रस्ता, लिब्रे, गावागावांतून जातो आणि त्यावर तोपेंची रांग असते. टोलची पावती फेकू नका, संघराज्याच्या टोलरस्त्यांवर त्या पावतीतच रस्ता वापरणाऱ्याचा विमा असतो. टोलवर रोख पेसो लागतात हे धरून चाला, सुटे जवळ ठेवा.

पेट्रोल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. हिरव्या नळीचं माग्ना म्हणजे साधं, लाल नळीचं प्रीमियम. साध्याचा भाव साधारण लिटरला 24 पेसो होता. गाडीतून उतरा, आकडा शून्यावर आहे हे बघा, मग सुरू करायला सांगा. काच पुसली तर पाच-दहा पेसो द्या. डोंगरात शिरण्याआधी टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका.

पोलिसांनी एकदा थांबवलं, परवाना आणि गाडीचे कागद बघितले, शुभेच्छा दिल्या आणि सोडलं. कागद एका पाकिटात, पाकीट हाताशी, हात स्टिअरिंगवर, आवाज शांत, एवढंच पुरे असतं. कुणी जागेवर दंड मागितलाच तर लेखी पावती मागा आणि कार्यालयात भरते म्हणा.

आता तो अर्धा गुण. गाडी ताब्यात घेताना बाहेरचा एकूणएक ओरखडा टिपला, मोबाइलवर चित्रण केलं, जॅक आणि त्रिकोण दाखवले, डिकीत स्टेपनी आहे हेही दाखवलं, पण तिच्यात हवा किती ते कुणी तपासलं नाही. इतकी काळजी घेणाऱ्यांकडून ही एक गोष्ट राहिली, आणि ती नेमकी घाटात लागली असती तर आई थंडीत किती वेळ बसली असती, या विचाराने मला अजून त्रास होतो. गाडी परत देताना मी हे स्पष्ट सांगितलं. बाईंनी सबब सांगितली नाही. माफी मागितली, आतून हवा मोजायचं यंत्र आणलं, आवारात उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्यांच्या स्टेपन्या आमच्यासमोरच उघडून बघायला एका मुलाला पाठवलं, आणि पंक्चरचे पैसे बिलातून वळते केले. तुम्ही कुठूनही गाडी घेतलीत तरी स्टेपनी अंगठ्याने दाबून बघा, शक्य असेल तर पंपावर मोजून घ्या.

परत देताना टाकी भरलेली होती, पेट्रोलच्या काट्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढला, गाडीला प्रदक्षिणा घालून पुन्हा चित्रण केलं, आणि नवा ओरखडा नाही असं करारपत्रावर लिहून सही घेतली. अनामत काही दिवसांनी कार्डावर पूर्ण सुटली. आईला विमानतळापर्यंत त्यांनी त्यांच्याच गाडीतून सोडलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.